बॉक्सरचं पिल्लू घरी येण्याआधी काय तयारी करावी?

तुमच्या घरी तीन आठवड्यांनी बॉक्सरचं नर पिल्लू येणार आहे, तेव्हा ते आठ आठवड्यांचं असेल. घरातला हा पहिलाच कुत्रा, तुम्ही दोघंही नोकरी करता, मुलगी सहा वर्षांची आहे. काय काय आणून ठेवायचं, पिल्लू झोपेल कुठे आणि सुरुवातीच्या दिवसांत काय सांभाळायचं, असं तुम्ही विचारलं आहे. मी बरीच वर्षं बॉक्सर पाळते आहे आणि पिल्लू आणणाऱ्या घरांना शिकवण्याचं काम करते. उत्तर लांबणार आहे, पण तीन आठवडे हाताशी आहेत आणि तेवढे पुरतात.

खरेदी एका दुपारी उरकते. तिच्याआधी एक प्रश्न सोडवा: पहिले दोन महिने दिवसा घरी कोण असणार? बॉक्सरला माणूस लागतो. काही जातींचे कुत्रे एखाद्या कोपऱ्यात स्वतःत रमतात. बॉक्सर मात्र तुम्ही न्हाणीघरात गेलात तरी दाराबाहेर बसून राहतो. आणि आठ आठवड्यांच्या पिल्लाचा मूत्राशय तर फारच लहान असतो. पिल्लाचं वय महिन्यांत मोजून त्यात एक मिळवला की जितके तास येतात, तेवढे तास ते जास्तीत जास्त शू धरू शकतं, असा ढोबळ हिशोब आहे. तोही झोपेतला. जागं असताना, खेळताना दर अर्ध्या-पाऊण तासाने शू होते. असं पिल्लू सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कोंडून ठेवलं तर ते झोपायच्या जागेतच शू-शी करणार. कुत्र्याला जन्मतःच झोपायची जागा स्वच्छ ठेवायची ओढ असते आणि शू-शीची सगळी शिकवण त्या ओढीवर उभी असते. ती ओढ एकदा मोडली की जे काम काही आठवड्यांत व्हायचं ते महिनोन् महिने रेंगाळतं. एकटेपणाची धास्ती बसते ती वेगळीच, आणि बॉक्सरमध्ये ती खोल बसते.

म्हणून दोघांनी एकदम रजा घेऊ नका, एकापाठोपाठ एक घ्या. त्यानंतर दुपारी कोणीतरी घरी येऊन पिल्लाला बाहेर काढेल, खायला घालेल, थोडा वेळ बसेल, अशी पक्की सोय आत्ताच लावा. नातेवाईक असोत किंवा पगारी माणूस असो, पण माणूस ठरलेला हवा आणि तो न आल्यास दुसरा कोण हेही ठरलेलं हवं. ही सोय होत नसेल तर तारीख पुढे ढकला. ब्रीडर पिल्लांना घरात, माणसांत वाढवत असेल तर दहा आठवड्यांचं पिल्लू आणल्याने काही बिघडत नाही. सहा आठवड्यांचं आणलं तर मात्र बिघडतं. सहा ते आठ आठवड्यांच्या काळात पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकतं की जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवतो. बॉक्सर तोंडाने आणि पंजांनी खेळणारी जात आहे, तिच्यात हा धडा राहून गेला की पुढे तो तुमच्या मुलीच्या हातापायांवर शिकवावा लागतो. कोणी लवकर घेऊन जा म्हणालं तरी घेऊ नका.

रजेवर असताना आणखी एक गोष्ट करा, जी मनाला पटत नाही. पिल्लाला दिवसभर मांडीवर ठेवू नका. पहिल्या दिवसापासून मिनिटभर दुसऱ्या खोलीत जा, दार लावा, परत या, काही न बोलता आपलं काम करा. मग पाच मिनिटं, मग पंधरा. तुम्ही जाता आणि परत येता, यात विशेष काही नाही, हे त्याला तुमची रजा संपायच्या आत कळलं पाहिजे. रजा संपल्यावर एकाच दिवशी चोवीस तासांच्या सहवासातून थेट शून्यावर आणलं तर शेजारी तक्रार घेऊन येतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

आता ही जात नेमकी काय आहे ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बॉक्सर जर्मनीतला. तिथला बुलेनबाइसर हा शिकारी कुत्रा आणि इंग्लिश बुलडॉग यांच्यातून तो तयार झाला आणि १८९५ मध्ये म्युनिकच्या एका प्रदर्शनात बॉक्सर म्हणून लोकांसमोर आला. बुलेनबाइसरचं काम होतं रानडुकरासारखं मोठं जनावर शिकारी येईपर्यंत जबड्यात धरून ठेवायचं. पकड सुटू नये आणि धरलेलं असताना श्वासही घेता यावा, असा रुंद, पुढे आलेला खालचा जबडा आणि मागे गेलेलं नाक त्या कामाचं मानलं जातं. आज कोणी रानडुक्कर धरायला सांगत नाही, पण पिल्लू तुमच्या पायजम्याच्या टोकाला लटकेल, पुढच्या दोन्ही पंजांनी थापा मारेल, पाहुणा दिसला की छातीवर उडी घेईल. ते आक्रमक आहे म्हणून नव्हे. त्याला आवडलेल्या माणसाशी बोलायची त्याची ती पद्धत आहे.

शिवाय बॉक्सर उशिरा शहाणा होतो. अंगाने तो दीड वर्षात भरतो, पण डोक्याने पिल्लूपण तीन वर्षांपर्यंत टिकतं. जातीच्या मानकाप्रमाणे नराची खांद्यापाशी उंची ५७ ते ६३ सेंटिमीटर आणि वजन ३० किलोच्या वर जातं. म्हणजे बराच काळ तुमच्या घरात ३० किलोचं, स्नायूंनी भरलेलं, अतिशय आनंदी पिल्लू असणार आहे. म्हणून एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून घराचे नियम ठरवा. सोफ्यावर चढायचं की नाही, पलंगावर झोपायचं की नाही, जेवताना ताटातलं द्यायचं की नाही. उत्तर काहीही असो, माझी हरकत नाही. माझ्याही घरात बॉक्सर सोफ्यावर झोपतो. पण बाबा चढवतात आणि आई उतरवते असं असेल तर पिल्लू गोंधळतं, मग हट्टी होतं, आणि दोष त्याला दिला जातो. फक्त एका बाबतीत मी तुम्हाला पर्याय देत नाही: अंगावर उड्या मारलेल्या चालणार नाहीत, अगदी पहिल्या दिवसापासून. पाच किलोचं पिल्लू गुडघ्यावर उडी मारतं तेव्हा सगळे हसतात, लाड करतात. सहा महिन्यांनी तेच वीस किलोचं होऊन तुमच्या मुलीला जमिनीवर पाडतं. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लक्ष मिळेल, उडी मारली तर पाठ फिरेल, एवढाच नियम. पाहुण्यांनाही तो आधीच सांगून ठेवा.

मुलीची तयारी पिल्लाइतकीच महत्त्वाची आहे आणि तिच्यासाठी हे तीन आठवडे सोन्यासारखे आहेत. तिला शिकवा: पिल्लू झोपलेलं असेल तर हात लावायचा नाही, खात असेल तर जवळ जायचं नाही, त्याला उचलायचं नाही, जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि त्याला जवळ येऊ द्यायचं. पिल्लू चावायला लागलं, उड्या मारायला लागलं की हात छातीशी घट्ट धरून, नजर खाली करून खांबासारखं स्तब्ध उभं राहायचं. पळायचं नाही, किंचाळायचं नाही. पळणारं, किंचाळणारं मूल हे बॉक्सर पिल्लासाठी जगातलं सर्वात चांगलं खेळणं असतं. हा खांबाचा सराव कापडी कुत्रा घेऊन आत्तापासून रोज खेळासारखा करून घ्या. तुम्ही तो कुत्रा तिच्यावर झेपावत आणा आणि ती थांबली की कौतुक करा. आणि काहीही झालं तरी मोठं माणूस खोलीत नसताना दोघांना एकत्र सोडू नका, पिल्लू कितीही गरीब वाटलं तरी. मुलीला एक काम मात्र तिच्या हक्काचं द्या. पाण्याचं भांडं भरणं, किंवा तुमच्या देखरेखीखाली ‘बस’ शिकवणं. ज्या मुलांना काम मिळतं ती मुलं पिल्लाला खेळण्यासारखं वागवत नाहीत.

झोपायच्या जागेसाठी मी क्रेट सुचवते. पिंजरा म्हटलं की अनेकांना वाईट वाटतं. ते समजू शकते, पण नीट सवय लावलेला क्रेट ही पिल्लाची स्वतःची खोली होते, जिथे कोणी त्याला त्रास देत नाही. तुमच्या घरात लहान मूल आहे, तिथे अशी जागा हवीच. पूर्ण वाढलेल्या बॉक्सरला उभं राहता, वळता आणि हातपाय ताणून झोपता येईल असा मोठाच घ्या, साधारण ४२ इंच लांबीचा, आणि आत सरकवायची जाळी असलेला घ्या. सुरुवातीला जाळी लावून जागा लहान ठेवा. जागा फार मोठी असली की पिल्लू एका टोकाला शी करतं आणि दुसऱ्या टोकाला झोपतं.

क्रेटची सवय कशी लावायची ते नीट सांगते, कारण इथे घाई झाली की क्रेट कायमचा नकोसा होतो. दार उघडं बांधून ठेवा, म्हणजे ते हलून अंगावर येणार नाही. खाण्याचा एक दाणा क्रेटच्या उंबऱ्यावर टाका. पिल्लू मान पुढे करून, मागचे पाय बाहेरच रोवून तो उचलेल आणि मागे सरकेल. सरकू द्या. पुढचा दाणा वीतभर आत टाका. मग आणखी आत. कधीतरी ते चारही पाय आत टाकेल, वळेल आणि तुमच्याकडे बघेल. त्या क्षणी दाराबाहेर नको, आतच चार-पाच दाणे एकापाठोपाठ एक द्या. बस, त्या वेळेपुरतं एवढंच. दाराला हात लावू नका. पिल्लू आपणहून आत जाऊन उभं राहायला लागलं की दोन सेकंद दार लोटा, दाणा द्या, उघडा. पुढे दिवसाचं एक खाणं आतच द्या. झोपेला आलेलं पिल्लू उचलून आत ठेवलं तर ते आत झोपायलाही शिकतं. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, तेव्हा संधी भरपूर मिळते. संध्याकाळी पिल्लू वेड्यासारखं धावायला आणि कचाकच चावायला लागलं तर बहुतेक वेळा ते दमलेलं असतं. त्याला आणखी खेळवू नका, झोपवा.

पहिले काही आठवडे रात्री क्रेट तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. ‘पहिल्या रात्रीपासून बाहेर झोपवा, रडून रडून गप्प बसेल’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच. बॉक्सरच्या बाबतीत तर तो मुळीच ऐकू नका. कालपर्यंत ते पाच-सहा भावंडांच्या ढिगात झोपत होतं. तुमचा श्वास ऐकू आला, जाळीतून बोटं आत घातलेली कळली की बहुतेक पिल्लं शांत होतात. रात्री एक-दोनदा उठून बाहेर न्यावंच लागेल. दिवा मंद ठेवा, गप्पा नकोत, खेळ नको, शू झाली की हळू आवाजात शाबासकी आणि परत क्रेटमध्ये. नंतर क्रेट हळूहळू हवा तिथे सरकवता येतो.

दिवसा शूसाठी नियम एकच: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचं. जमिनीला नाक लावून गोल गोल फिरायला लागलं किंवा खेळ सोडून अचानक दाराकडे गेलं की तुमच्याकडे काही सेकंदच असतात. घरात झाली तर पुसून टाका, रागावू नका. नाक घासणं, मारणं यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. फरशी पुसायला एन्झाइम असलेला क्लीनर आणा. अमोनियाचा वापरू नका, त्याचा वास लघवीशी जुळतो.

घर तपासायचं तर एकदा खरंच हातापायांवर रांगत फिरा. वायरी, चार्जर, मोजे, मुलीची छोटी खेळणी, बाथरूममधला कचरा, सगळं तिथूनच दिसतं. मोजा आणि दगड गिळणं बॉक्सर पिल्लांत सर्रास घडतं आणि त्यासाठी कधी कधी पोट उघडावं लागतं. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा-लसूण, झायलिटॉल घातलेली शुगर-फ्री च्युइंगम आणि मिठाई हे सगळं कुत्र्याला विषारी आहे. माणसांची औषधंही, विशेषतः पॅरासिटॅमॉल आणि आयब्युप्रोफेन. उंदराचं औषध घरात असेल तर ते आजच बाहेर काढा. कुंड्यांमध्ये कण्हेर, डिफेनबाकिया किंवा सायकस असेल तर त्या हलवा. जिन्याला आणि गॅलरीला अडसर लावा. गुळगुळीत फरशी असेल तर पिल्लाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर न सरकणाऱ्या चटया टाका. वाढत्या सांध्यांना सतत घसरणं चांगलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी प्रत्येक बॉक्सरवाल्या घराच्या मागे लागते ती: उष्णता. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. लांब नाकाच्या कुत्र्याच्या नाकातून आणि तोंडातून जाताना हवेला जितकी ओलसर जागा मिळते तितकी बॉक्सरच्या आखूड तोंडात मिळत नाही. म्हणजे थंड व्हायचं यंत्रच लहान, आणि अंगात उत्साह मात्र इतरांपेक्षा जास्त. हा कुत्रा स्वतः थांबत नाही, त्याला तुम्ही थांबवायचं असतं. फिरणं आणि खेळणं पहाटे आणि उन्ह उतरल्यावर. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्यावर त्याचे पंजेही ठेवू नका. बंद गाडीत दोन मिनिटंसुद्धा नको. घरातली सर्वात थंड फरशी कुठली ते शोधून तिथे त्याची दुपारची जागा करा.

धोक्याची खूण ओळखायला शिका. दमलेल्या बॉक्सरची जीभ बाहेर असते, पण तो धाप मधेच थांबवून पाणी पितो, इकडेतिकडे बघतो. तापलेल्या बॉक्सरची जीभ लांब आणि टोकाशी रुंद, पसरट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, श्वासाला घरघर किंवा करवतीसारखा आवाज येतो, लाळ घट्ट दोरीसारखी लोंबते, नजर कशावर ठरत नाही. असं दिसलं की आधी थंड करा, मग दवाखाना. सावलीत नेऊन सगळं अंग पाण्याने भिजवा, पाणी ओतत राहा, पंख्याचं वारं द्या आणि वाटेतही ते चालू ठेवा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, आत ऊब कोंडते. कुत्र्याचं अंग एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ४१ च्या वर गेलं की अवयव निकामी व्हायला वेळ लागत नाही. केस आखूड आणि चरबी कमी म्हणून थंडीही त्याला लवकर लागते, पण थंडीत तो स्वतः येऊन तुमच्या पांघरुणात घुसतो.

फिरायला हार्नेसच घ्या. आखूड तोंडाच्या कुत्र्याच्या गळ्यावर पट्ट्याचा ताण येऊ नये. छातीवर बसणारा, वाढवता येणारा हार्नेस आणि साधा सहा फुटी पट्टा पुरतो. गळ्यातला पट्टा फक्त नाव-फोनच्या बिल्ल्यासाठी. चेन, काटेरी पट्टा, ओढला की आवळणारा पट्टा यांपैकी काहीही नको. बॉक्सर दिसतो दांडगा, पण मनाने फार हळवा आहे. ओरडून-मारून शिकवलं की तो एकतर बंद पडतो किंवा सगळ्याचा खेळ करून टाकतो. खाण्याचे बारीक तुकडे आणि तुमचा आनंदी आवाज यांनी तो भराभर शिकतो.

बाकी खरेदी थोडक्यात. खाण्याचं एक रुंद, उथळ, जड भांडं, कारण आखूड जबड्याला खोल भांड्यातून घास उचलता येत नाही. पाण्याचं तसंच आणखी एक, आणि त्याखाली जाड टॉवेल. बॉक्सर पाणी पितो तेव्हा निम्मं ओठांच्या घड्यांत घेऊन खोलीभर वाटत जातो. चावायला रबराची मजबूत खेळणी, तोंडात पूर्ण मावणार नाहीत अशा मापाची. टेनिस बॉल देऊ नका. मोठ्या बॉक्सरचा जबडा रुंद असतो, बॉल घशात अडकू शकतो. कच्च्या चामड्याची हाडंही टाळा. मऊ होऊन तुटतात आणि आखूड तोंडाच्या कुत्र्याला ती जास्त धोक्याची. महागडा बिछाना आत्ता नको, तो फाडला जाणार. दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सात महिन्यांपर्यंत हा कार्यक्रम चालतो, तोवर जुन्या चादरी चालवा.

खाणं ब्रीडरकडे जे चालू आहे तेच पहिले आठ-दहा दिवस ठेवा. बदलायचं असेल तर त्यानंतर आठवडाभरात थोडं थोडं मिसळत बदला. बॉक्सरचं पोट नाजूक, एकदम बदल केला की जुलाब ठरलेलेच. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं खाणं निवडा आणि वरून कॅल्शियम देऊ नका. हाडं मजबूत होतील म्हणून अनेक जण प्रेमाने देतात, पण पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही आणि त्यातून हाडं उलट वाकडी वाढू शकतात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, मग तीन, सहा महिन्यांनंतर दोन. मोठेपणीही एकच मोठं जेवण नको. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, भराभर खाल्ल्याने आणि एकदाच भरपूर खाल्ल्याने तो वाढतो. कोरड्या उलट्यांचा प्रयत्न, फुगलेलं पोट, अस्वस्थ येरझाऱ्या ही लक्षणं आत्ताच पाठ करून ठेवा. ती दिसली तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं. त्यासाठी चोवीस तास उघडा दवाखाना कुठे आहे ते आधी शोधून नंबर फ्रीजवर लावा.

ब्रीडरकडे अजून जायचं असेल तर आईला भेटा. आई माणसांत मोकळी, निर्धास्त असेल तर मला निम्मं समाधान होतं. मग हृदयाबद्दल विचारा. बॉक्सरमध्ये दोन गोष्टी जास्त दिसतात. एक, महाधमनीच्या मुखाशी जन्मतः अरुंदपणा, ज्यात डॉक्टरांना हृदयाचा मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबरचा जादा आवाज, ऐकू येतो. दुसरी, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारा स्नायूंचा आजार, जो मोठेपणी उघड होतो. म्हणून पिल्लाचं हृदय आज ठीक आहे एवढं ऐकून थांबू नका. आईवडिलांची इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी आणि चोवीस तास ठोके नोंदवणारी होल्टर तपासणी झाली आहे का, कधी झाली, कागद दाखवा म्हणा. मागच्या पायांची ताकद हळूहळू घालवणाऱ्या डीजनरेटिव्ह मायलोपथीची जनुकीय चाचणी आणि खुब्याच्या सांध्याचे एक्स-रे हेही विचारा. चांगल्या ब्रीडरला या प्रश्नांचा राग येत नाही. कुत्र्याचा जो संपूर्ण जनुकीय आराखडा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला तो ताशा नावाच्या बॉक्सर मादीचाच होता. इतकी माहिती हाताशी असताना चाचण्या न करता पिल्लं काढणं मला पटत नाही.

त्याच बाळंतपणातलं एखादं पांढरं पिल्लू तुम्हाला दिसलं आणि मुलीला तेच आवडलं, तर रंगामुळे नाकारू नका, पण कान तपासून घ्या. अंगावर पांढरं जास्त असलेल्या दोन बॉक्सरांच्या पिल्लांत सरासरी चौथा हिस्सा पांढरी निघतात आणि त्यांच्यात एका किंवा दोन्ही कानांनी बहिरं असण्याचं प्रमाण जास्त असतं. बेअर नावाच्या चाचणीत ते नक्की कळतं. बहिरा बॉक्सर हाताच्या खुणांवर छान शिकतो, फक्त आधी माहीत हवं. उन्हात त्याची कातडीही भाजते.

लसींबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला अडवते आणि ती नेमकी कधी उतरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते. मधल्या काळात पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूचा, धोका खरा आहे. तो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही, त्याला एकास तीस प्रमाणातलं ब्लीच दहा मिनिटं लागतं. पण सामाजिक वळण लागायचा काळही तीन ते चौदा आठवड्यांचाच आहे. लसी पूर्ण होईपर्यंत घरात कोंडलं तर तो कायमचा हातचा जातो, आणि घाबरट राहिलेला ३० किलोचा कुत्रा सांभाळणं सोपं नाही. तेव्हा पिल्लाला कडेवर घेऊन फिरवा. रहदारी, शाळेचा गोंगाट, छत्री, काठी टेकत जाणारे आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं दुरून दाखवा आणि दाणे देत राहा. लसीकरण पूर्ण असलेल्या, शांत, ओळखीच्या कुत्र्याच्या घरी न्या. अनोळखी कुत्रे जातात त्या मातीवर मात्र ठेवू नका.

आणायच्या दिवशी सकाळी निघा, म्हणजे रात्रीआधी त्याला घर बघायला वेळ मिळतो. निघण्याआधी खायला घालू नका असं ब्रीडरला सांगा, गाडीत उलटी होते. आईचा आणि भावंडांचा वास लागलेलं फडकं मागून घ्या आणि क्रेटमध्ये ठेवा. लसींचं आणि जंतांच्या औषधाचं कार्ड, ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपचा नंबर, आत्ताच्या खाण्याचं नाव आणि प्रमाण लिहून घ्या. घरी आल्यावर थेट शूच्या जागी, मग एकच खोली. त्या शनिवार-रविवारी शेजारी-पाहुणे नकोत. मुलीच्या मैत्रिणींना पुढच्या आठवड्यात बोलवा.

डॉक्टरांची वेळ पहिल्या दोन-तीन दिवसांतली आत्ताच घेऊन ठेवा, आणि ज्यांच्याकडे आखूड तोंडाचे कुत्रे नेहमी येतात असे डॉक्टर निवडा. पहिल्या भेटीत हृदय नीट ऐकायला सांगा. वाढत्या वयात मर्मर नव्याने ऐकू येऊ शकतो, म्हणून पुढच्या प्रत्येक लसीच्या वेळी पुन्हा सांगा. तोंडाजवळच्या घड्या रोज ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कशा करायच्या, नखं कशी कापायची ते तिथेच हातात घेऊन शिका. डोळा बारीक करत असेल, पाणी येत असेल तर घरातले थेंब कधीही घालू नका. बॉक्सरच्या डोळ्याला लवकर न भरणारी जखम होण्याची प्रवृत्ती असते आणि स्टेरॉइडचे थेंब पडले तर ती चिघळते. शेवटचं म्हणजे, एसिप्रोमॅझिन हे शांत करायचं औषध काही बॉक्सरांना सोसत नाही, रक्तदाब आणि ठोके एकदम खाली जाऊन ते कोसळू शकतात. बहुतेक डॉक्टरांना हे माहीत असतं. तरीही पिल्लाच्या कार्डावर पहिल्याच दिवशी लाल शाईने लिहून घ्या, म्हणजे कधी दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तरी ते कार्ड उघडताच दिसेल.